मुसळी : पानांची आणि मुळांची

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, गुजरातच्या सीमेला लागून सुरगाणा तालुका आहे. मृगाच्या सरी पडल्या की येथील डोंगरउतारांवर गवतासारख्या लांब पात्यांची एक वनस्पती उगवते. कुठे तिला कुली, कुठे कोळी, तर कुठे फोडशी म्हणतात. कोवळ्या पानांची भाजी पावसाळ्यात आवडीने खाल्ली जाते. हीच सफेद मुसळी. तिचे शास्त्रीय नाव ‘क्लोरोफायटम बोरिव्हिलियानम’ हे मुंबईच्या बोरिवलीवरून पडले आहे.

औषधाचे मोल मात्र जमिनीखालील मांसल मुळांना आहे. वाळलेल्या मुळांत सुमारे ४० टक्के कर्बोदके व ८ ते ९ टक्के प्रथिने आढळतात. पाण्यात घुसळल्यावर फेस आणणारी सॅपोनिन ही द्रव्ये औषधी गुणाचे मुख्य कारण मानली जातात. त्यांचे प्रमाण नमुन्यानुसार २ पासून १७ टक्क्यांपर्यंत नोंदले गेले आहे.

वनस्पतीचे वयही महत्त्वाचे असते. पावसाळाभर पाने अन्न तयार करून मुळांत साठवतात. पाने पिवळी पडून गळाली, तरी मुळे काही काळ जमिनीतच ठेवावी लागतात. त्यांची फिकट साल गडद तपकिरी झाली, की ती पक्व समजतात. घाईने काढलेली कोवळी मुळे पाणीदार असतात आणि वाळवल्यावर आक्रसतात. पक्व मुळांचेही साधारण पाच किलोंमागे एक किलोच सुकी मुसळी हाती येते.

बियांची उगवण कमी होते आणि मुळांच्या माथ्यावरील चकतीचा अंश राहिल्याशिवाय नवे रोप येत नाही. म्हणून जंगलातील सर्वच मुळे खणून नेणे म्हणजे व्याजासोबत मुद्दलही संपवणे होय. पाने खुडल्यास रोप जगते. मुळांसाठी शेतातील लागवड हाच योग्य मार्ग आहे. केंद्र सरकारने २००० साली स्थापन केलेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने प्राधान्याच्या वनस्पतींत मुसळीचा समावेश केला आहे.

कंदमुळे वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. शक्तिवर्धक चूर्णांत व गोळ्यांत मुसळी असते, ती मुळांचीच. वाळलेली हळद व सुंठ अनेक घरांत चालते. मुसळीबाबतचा निर्णय आपल्या गुरुजनांना व वैद्यांना विचारूनच घ्यावा, आणि त्याआधी वेष्टनावरील घटकांची यादी अवश्य वाचावी.