उतरत्या उन्हाळ्यातील दोघांची भटकंती

नवतपा सुरू झाला की राजुऱ्याचे रस्ते सकाळी दहालाच ओस पडू लागतात. कुलरच्या घरघरीत दुपार काढायची आणि सूर्य कलल्यावर चौकापर्यंत फिरून यायचे, हाच बहुतेक घरांचा दिनक्रम होऊन जातो. मुले शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त नागपूर-पुण्यास गेलेली आणि घरी पती-पत्नी दोघेच, अशी कुटुंबे आता आपल्याकडेही कमी नाहीत. थंड हवेच्या ठिकाणी जाणे प्रत्येकास परवडते असे नाही. परंतु घरापासून तास-दीड तासाच्या अंतरात पाहण्याजोगे पुष्कळ आहे, आणि मे महिन्याची अखेर ते मृगाचा पहिला पाऊस या काळातही ते पाहता येते. अट एकच : कोणत्या वेळी कोठे जायचे, हे नीट ठरविले पाहिजे.

हा निर्णय वाटतो तितका सोपा नाही. जून २००७ मध्ये चंद्रपूरचा पारा ४९ अंशांवर गेला होता. समुद्र दूर आणि वायव्येकडून येणारे वारे कोरडे, त्यामुळे घाम अंगावर दिसण्यापूर्वीच उडून जातो आणि शरीरातील पाणी किती घटले हे कळतही नाही. म्हणून ऊन सांगते की पहाटे निघा. वाघ मात्र नेमके उलटे सांगतो. पहाट आणि सायंकाळ या त्याच्या फिरण्याच्या वेळा. राजुरा परिसरातील ‘आरटी-१’ या वाघाने आठ जणांचा बळी घेतल्यानंतर ऑक्टोबर २०२० मध्ये त्याला जेरबंद करण्यात आले. १० मे २०२५ रोजी सिंदेवाही तालुक्यात तेंदूपाने तोडण्यास गेलेल्या तीन महिला वाघिणीच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. पोटासाठी जंगलात जाणाऱ्यांना पर्याय नसतो. सहलीसाठी जाणाऱ्यांना तो असतो, आणि म्हणूनच त्यांनी अधिक जबाबदारीने वागले पाहिजे.

या दोन्ही गोष्टी ध्यानात घेतल्या की भटकंतीचे वेळापत्रक आपोआप आकारास येते. पहाटेची वेळ वस्तीतील मोकळ्या जागांना द्यावी. वर्धा नदी ओलांडली की बल्लारपूरचा किल्ला आहे. सिरपूरची राजधानी सोडून गोंड राजा खांडक्या बल्लाळशहा येथे आला. त्याच्या अंगावरील गाठी झरपट नदीच्या पाण्याने बऱ्या झाल्या आणि राणीच्या सल्ल्यावरून तेथे चंद्रपूर वसले, अशी आख्यायिका आहे. तसेच पुढे चंद्रपूरला गेल्यास अचलेश्वर मंदिराजवळ गोंड राजांच्या समाध्या पाहाव्यात. त्यांतील बीरशहाची देखणी समाधी त्याची पत्नी राणी हिराई हिने अठराव्या शतकाच्या प्रारंभी उभारली. पत्नीने पतीसाठी बांधलेले असे स्मारक इतके जवळ असताना ते पाहिलेले नसावे, हे नवलच!

जंगलातील ठिकाणी मात्र ऊन चांगले वर आल्यावर पोहोचावे आणि दहाच्या आत परतीस लागावे. गडचांदूरमार्गे जिवती तालुक्यातील माणिकगड गाठता येतो. नागवंशी माना राजांनी हा किल्ला बांधला असे मानले जाते. प्रवेशद्वारावरील नागाचे शिल्प त्याची साक्ष देते. गडाभोवती दाट वन असल्याने दोघांनीच न जाता गावातील जाणकार माणूस सोबत घ्यावा, मळलेली वाट सोडू नये आणि झुडपांजवळ वाकून वा बसून राहू नये. बसलेला माणूस वाघाला सावजासारखा भासू शकतो. देवाडा येथील सिद्धेश्वराच्या प्राचीन मंदिरसमूहासाठीही हीच वेळ योग्य. वाटेत पिवळ्या झुंबरांनी लगडलेला बहावा आणि पिकलेली टेंभरे दिसतात. सागाची पाने गळालेली असल्याने पक्षी सहज नजरेस पडतात. जूनच्या आरंभी नवरंग पक्ष्याची दोन स्वरांची शीळ ऐकू आली, तर पाऊस फार दूर नाही असे समजावे.

सायंकाळ नदीकाठासाठी राखावी. घुग्घुसजवळील वढा येथे पैनगंगा वर्धेला मिळते. उन्हाळ्यात पात्र आटले तरी डोह खोलच असतात, त्यामुळे तेथे किंवा गडचांदूरजवळील अमलनाला जलाशयात अनोळखी पाण्यात उतरण्याचा मोह टाळावा.

या दिवसांत आणखी एक फसवी गोष्ट घडते. ढग जमतात, पारा दोन-चार अंशांनी उतरतो आणि ऊन संपले असे वाटते. प्रत्यक्षात हवेतील ओलावा वाढल्याने घाम सुकत नाही आणि शरीर थंड होऊ शकत नाही. डोके दुखणे, मळमळ, पायांत गोळे येणे ही पूर्वसूचना होय. बोलणे असंबद्ध झाले वा तोल जाऊ लागला, तर तो उष्माघात समजून सावलीत न्यावे, अंग पाण्याने ओले करून वारा घालावा आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. उष्माघात झालेल्या व्यक्तीस आपली अवस्था स्वतःला कळत नाही; ती सोबतच्या माणसालाच कळते. या हंगामात एकट्याने न फिरता दोघांनी फिरावे, याचे खरे कारण हेच.

सोबत प्रत्येकी किमान दोन लिटर पाणी, पन्हे किंवा ज्वारीची आंबील, डोक्याला दुपट्टा आणि सुती पूर्ण बाह्यांचे कपडे असावेत. रक्तदाब वा मधुमेहाची औषधे घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. दुपारनंतर गडगडाट ऐकू आल्यास उंचवटा व एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीत वा वाहनात थांबावे.

राजुरा तालुका १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, पुढे नांदेड व १९५९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यात आला. सीमेवरच्या या भूमीत मराठी, तेलुगू, गोंडी, कोलामी अशा अनेक भाषा नांदतात. अनेक वर्षे येथे राहूनही ती आपण फारशी पाहिलेली नसते. मृग बरसला की नाले भरतील, वाटा चिखलात जातील आणि शेतीची लगबग सुरू होईल. तत्पूर्वीचे हे दोन-तीन रविवार दोघांनी मिळून आपल्याच परिसरास द्यावेत.