अंगठा लागेपर्यंत

मे महिन्यात मुलुंड पूर्वेच्या गल्ल्यांतून सामानाचे टेम्पो फिरायला लागतात. जुनी शाळा संपलेली, नवी जूनमध्ये सुरू व्हायची, त्या मधल्या सुट्टीत भाड्याने राहणारी कुटुंबं घर बदलून घेतात. यंदा नवघर रोडवरच्या एका एस्टेट एजंटबरोबर मी या दिवसांत बरंच हिंडलो. भाडं कसं ठरतं, कागद कसा होतो, हे जवळून बघायचं होतं.

भाडं ठरवायला सध्या बिल्डर बसलाय. घरमालक आणि भाडेकरू त्याच्यामागून येतात. साठ-सत्तरच्या दशकातल्या सोसायट्या पुनर्विकासाला गेल्या आहेत. मुलुंडला, घाटकोपरच्या पंतनगरला, बोरिवलीला, अंधेरीला, सगळीकडे हेच. इमारत रिकामी करायची म्हणजे तीस-चाळीस कुटुंबं एकाच महिन्यात बाहेर पडतात. मुलांची शाळा, आईचा डॉक्टर, सगळं तिथेच असल्यामुळे सगळ्यांना त्याच गल्लीत घर हवं असतं. बिल्डर त्यांना दरमहा भाडं देतो, दलाली आणि सामान हलवायचा खर्चही देतो. मग समोरच्या इमारतीतला घरमालक नेमका तो आकडा धरून बसतो. पगारातून भाडं भरणारा माणूस आणि बिल्डरच्या चेकवर भाडं भरणारा माणूस एकाच दारात उभे असतात, आणि पहिल्याला माघार घ्यावी लागते. पुनर्विकासाच्या बातम्यांत नव्या फ्लॅटचे चौरस फूट येतात. या माघार घेणाऱ्याचा हिशोब कुठेच येत नाही, याचा मला राग येतो.

मेट्रोनेही भाव हलवले. 8 जून 2014 ला वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मार्ग सुरू झाला आणि अंधेरीत नोकरी करणाऱ्याला घाटकोपर परवडण्याजोगं लांब राहिलं नाही. 2022-23 मध्ये 2अ आणि 7 हे मार्ग सुरू झाल्यावर दहिसर-बोरिवलीकडेही तेच झालं. पण मेट्रोमुळे भाव हळूहळू चढतो. पुनर्विकासाने तो एका महिन्यात चढतो.

एजंटकडे आलेलं एक कुटुंब मला आठवतं. बाई खासगी हॉस्पिटलात नर्स, नवरा लॉजिस्टिक्स कंपनीत, मुलगी पहिलीत जाणारी. वनबीएचके हवं होतं. आधीच्या घराचं भाडं सत्तावीस हजार, इथे बोली बत्तीसवर थांबली. डिपॉझिट एक लाख. घर एका निवृत्त शिक्षिकेचं. टोकन द्यायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा नर्सबाईंनी भाड्यावर घासाघीस केलीच नाही. त्या म्हणाल्या, "काकू, भाडं ठीक आहे. पण तीन वर्षांचं करता येईल का? दरवर्षी शाळेची बस बदलते हो."

काकू गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अकरा महिन्यांच्या वर देऊ नये असं आमच्या ह्यांनी सांगून ठेवलंय."

ह्यांचं सांगणं उगीच नव्हतं. 1947 च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठवली. त्यातून सुटायला मालक 'लिव्ह अँड लायसन्स' करू लागले: भाडेकरू नाही, नुसती राहायची परवानगी. मग 1973 च्या दुरुस्तीने 1 फेब्रुवारीला जे परवानगीवर राहत होते त्यांनाही भाडेकरूचा दर्जा दिला. काकूंच्या सासऱ्यांची गिरगावातली खोली तशी गेली. त्या काळात कितीतरी मालकांनी घर कुलपात ठेवलं, पण भाड्याने दिलं नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 हा 31 मार्च 2000 पासून लागू झाला आणि हे चित्र पालटलं. त्याच्या कलम 24 नुसार मुदत संपूनही परवानाधारक घर सोडत नसेल तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊ शकतो, आणि घर सुटेपर्यंत दुप्पट आकार मागू शकतो. अकरा महिन्यांची सवय नोंदणी कायद्यातून आली. एक वर्षापेक्षा जास्तीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची होती, ती टाळायची म्हणून. महाराष्ट्रात ते कारणही उरलेलं नाही. कलम 55 प्रमाणे मुदत कितीही असो, करार नोंदवावाच लागतो, ती जबाबदारी मालकाची, आणि न नोंदवल्यास वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी प्रथम खऱ्या धरल्या जातात.

एजंटने हे काकूंना शांतपणे समजावलं. वास्तविक दर अकरा महिन्यांनी नवा करार म्हणजे त्याला पुन्हा दलाली. तरी त्याने समजावलं, हे मला नोंदवून ठेवायचंय. काकू तेहेतीस महिन्यांवर आल्या. नर्सबाईंनी बोटांवर मोजलं. "जूनपासून तेहेतीस म्हणजे फेब्रुवारी. परीक्षेच्या तोंडावर कुठे जायचं?" छत्तीस ठरले, दर बारा महिन्यांनी पाच टक्के वाढ.

सोसायटीच्या ना-हरकत पत्राच्या छापील नमुन्यात '11 महिने' आधीच टाइप केलेलं होतं. सेक्रेटरींनी ते खोडून सही करायला दोन दिवस घेतले. घर भाड्याने दिलं की सोसायटी मालकाकडून घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, हे 2001 च्या शासन आदेशात आहे. तेही त्यांना दाखवावं लागलं.

नोंदणीला आता दुय्यम निबंधकाच्या कचेरीत रांग लावावी लागत नाही. संध्याकाळी सातला एक मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन काकूंच्या घरी आला. मजकूर आधीच भरलेला. मुद्रांक शुल्क पाव टक्का, एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या दहा टक्के वार्षिक व्याजावर; छत्तीस महिन्यांचं मिळून एकतीसशेच्या आसपास, वर नोंदणी फी हजार. नर्सबाई आणि नवऱ्याचे अंगठे झटकन लागले. काकूंचा लागेना. यंत्राचा लाल दिवा पेटायचा, आधारशी जुळत नाही असा संदेश यायचा. "खडूने झिजलेत," काकू म्हणाल्या. मुलाने ओल्या रुमालाने बोट पुसलं, कोरडं केलं, मग जरा व्हॅसलीन लावलं. अंगठा नाही, तर्जनी नाही. उजव्या हाताचं मधलं बोट चाललं. काकूंनी पदर सारखा करून कॅमेऱ्याकडे बघितलं आणि फोटो निघाला.

चार दिवसांनी इंडेक्स टू, म्हणजे करार नोंदवल्याचा उतारा, आला. नर्सबाईंनी त्याच्या तीन प्रती काढल्या: पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायला, गॅससाठी आणि शाळेच्या प्रवेशासाठी. याच आठवड्यात एजंटने आणखी दोन मालकांना लांब मुदतीचं विचारलं. एकाने साफ नाही म्हटलं. दुसऱ्याने काकूंचा फोन नंबर मागून घेतला.