परागकणांच्या गणितातून प्राचीन पावसाचा शोध

दिल्लीतील करोल बागेच्या दाट वस्तीला लागूनच मध्य रिजचे जंगल पसरले आहे. या जंगलात आज विलायती कीकर या झाडाचे प्राबल्य आहे. महाराष्ट्रात ते वेडी बाभूळ म्हणून परिचित आहे. मूळचे अमेरिका खंडातील हे झाड ब्रिटिश राजवटीत भारतात आणण्यात आले. त्यामुळे रिजवरील आजच्या मातीत साचणारे परागकण हे केवळ येथील पावसाचे व उष्णतेचे द्योतक नाहीत, तर मानवी हस्तक्षेपाचेही आहेत. प्राचीन हवामानाचा शोध घेणाऱ्या शास्त्रज्ञांपुढे नेमकी हीच अडचण असते.

परागकणांचे बाह्य कवच अतिशय टिकाऊ असते. सरोवराच्या तळाशी गाळात दबलेले कण हजारो वर्षे शाबूत राहतात. गाळाच्या प्रत्येक थरातील काही शे कण सूक्ष्मदर्शकाखाली ओळखून मोजले जातात व प्रत्येक वनस्पतीची टक्केवारी काढली जाते. स्वीडनचे शास्त्रज्ञ लेनार्ट फॉन पोस्ट यांनी १९१६ मध्ये ही पद्धत जगापुढे मांडली.

मात्र टक्केवारी म्हणजे प्रत्यक्ष वनराजी नव्हे. वाऱ्यावर परागकण उधळणारे गवत गाळात भरपूर दिसते, तर कीटकांमार्फत परागीभवन होणारी झाडे भोवती असूनही अल्प प्रमाणात आढळतात. शिवाय मोजणीतही अनिश्चितता असते. ३०० कणांपैकी एखाद्या वनस्पतीचे कण १० टक्के आढळले, तर तिचा खरा वाटा सुमारे ७ ते १४ टक्क्यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो.

तुलना कशी करतात?

यावरील उपाय म्हणजे वर्तमानाशी तुलना. ज्या ठिकाणचे पाऊसमान ठाऊक आहे, अशा अनेक ठिकाणांच्या पृष्ठभागावरील मातीचे नमुने गोळा केले जातात. त्यांतील परागकणांचे प्रमाण व पाऊस यांचा संबंध समीकरणात बसवून तेच समीकरण जुन्या थरांना लावणे, ही एक पद्धत होय. जुन्या थराशी सर्वाधिक साम्य असलेला आजचा नमुना शोधणे, ही दुसरी.

साम्य मोजण्यासाठी प्रत्येक वनस्पतीच्या वाट्याचे वर्गमूळ काढतात, दोन्ही नमुन्यांतील फरकाचा वर्ग करतात आणि सर्व वर्गांची बेरीज करतात. उत्तर शून्य आल्यास दोन्ही नमुन्यांतील प्रमाण सारखेच असते. उत्तर २ आल्यास त्यांत काहीही समान नसते. वर्गमुळामुळे दुर्मीळ वनस्पतींनाही महत्त्व मिळते. एखाद्या वनस्पतीचा वाटा १ वरून ४ टक्के झाला, तर बेरजेत ०.०१ इतकी भर पडते. ४९ वरून ५२ टक्के झाल्यास केवळ ०.०००४५. फरक दोन्हीकडे तीन टक्क्यांचाच, पण पहिल्याचे वजन वीसपटीहून अधिक.

सिंधू संस्कृतीचा प्रश्न

भारतात या पद्धतीची खरी कसोटी राजस्थानच्या खाऱ्या सरोवरांवर लागली. सांभर, डिडवाना व लूणकरणसर येथील गाळातील परागकणांचा अभ्यास गुरदीप सिंह व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला. सिंधू संस्कृतीचा उत्कर्ष अधिक पावसाच्या काळात झाला व पाऊस घटल्याने तिला उतरती कळा लागली, असा निष्कर्ष सिंह यांनी १९७१ मध्ये मांडला. पुढे १९८१ मध्ये ब्रायसन व स्वेन यांनी, तर १९८३ मध्ये स्वेन, कुट्झबाख व हास्टेनराथ यांनी राजस्थानातील प्राचीन पावसाचे संख्यात्मक अंदाज प्रसिद्ध केले.

तथापि, १९९९ मध्ये एन्झेल व सहकाऱ्यांनी लूणकरणसरच्या गाळाचे नव्याने कालमापन केले. सिंधू संस्कृती या भागात बहरण्याच्या सुमारे १००० वर्षे आधीच सरोवर पूर्णपणे आटले होते, असे त्यांना आढळले. म्हणजे संस्कृतीचा उत्कर्ष शुष्क हवामानातच झाला असावा. त्यानंतर २०१४ मध्ये हरियाणातील कोटला डहर या प्राचीन सरोवरातील गोगलगायींच्या शिंपल्यांवरून, सुमारे ४१०० वर्षांपूर्वी मोसमी पाऊस अचानक क्षीण झाल्याचे दिसून आले. वाद अद्याप पूर्णतः मिटलेला नाही.

यातून एक गोष्ट स्पष्ट होते. समीकरणातून येणारा पावसाचा आकडा कितीही काटेकोर दिसला, तरी त्याची विश्वासार्हता दोन बाबींवर अवलंबून असते: थराचे अचूक कालमापन आणि तुलनेसाठी निवडलेले आजचे नमुने. शतकानुशतकांची शेती, गुरचराई व वृक्षतोड यांमुळे उत्तर भारतात मूळ वनराजी फारच थोड्या ठिकाणी उरली आहे. जुन्या थराशी जुळणारा नमुना आज कोठेच नसेल, तर गणित सर्वांत कमी विजोड नमुना पुढे करते. तो खरोखर जुळतो की नाही, हे अभ्यासकालाच ठरवावे लागते.

म्हणूनच रिजवरील मूळ झाडे टिकवणे हा केवळ पर्यावरणाचा प्रश्न नाही. भूतकाळ वाचण्यासाठी लागणारी वर्तमानातील मोजपट्टी जपण्याचाही तो प्रश्न आहे.