पोटावरची पिशवी आणि पाण्याचं गणित

मागच्या व्याख्यानानंतर एकांनी विचारलं, "वडिलांचं ऑपरेशन नीट झालं, जखम भरली. मग महिन्याभरात दोनदा ॲडमिट का करावं लागलं? आम्ही तर त्यांना भरपूर पाणी पाजत होतो!" आज यावरच बोलू.

आतड्याचं तोंड पोटावर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात. मोठ्या आतड्याचा असेल तर कोलोस्टोमी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा असेल तर इलिओस्टोमी. या वडिलांची होती इलिओस्टोमी. पाणी आणि मीठ शोषून घेणं हे मोठ्या आतड्याचं मुख्य काम. इलिओस्टोमीत ते होतच नाही. म्हणून पिशवीत पातळ मल येतो. सगळं स्थिरावल्यावर दिवसाला साधारण ५०० ते ८०० मिलिलिटर. हेच प्रमाण दीड-दोन लिटरवर गेलं की शरीर कोरडं पडतं. लघवी कमी होते, उभं राहिलं की चक्कर येते, पायात गोळे येतात. दुर्लक्ष झालं तर मूत्रपिंडाला इजा होते.

आता पाणी पाजलं तर बिघडलं कुठे? नुसतं पाणी जास्त झालं की शरीरातलं मीठ आतड्यात ओढलं जातं आणि पाण्यासोबत पिशवीत जातं. तहान वाढते, माणूस आणखी पाणी पितो, पिशवी आणखी भरते.

यावर उतारा म्हणजे मीठ आणि ग्लुकोज एकत्र. ग्लुकोज आतड्याच्या पेशीत शिरताना सोडियमला सोबत नेतं, पाणी मागोमाग जातं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावर कॉलऱ्याचे असंख्य रुग्ण वाचवले. तेच आपलं ओआरएस. पिशवी जास्त भरत असेल तर साधं पाणी, चहा, सरबत बेतानं. ओआरएस घोट घोट, दिवसभर. किती घ्यायचं ते डॉक्टरांना विचारून ठरवा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोच.

घरी एक मापाचा मग वेगळा ठेवा. पिशवी रिकामी करताना मोजा, वहीत लिहा. दीड लिटरच्या वर गेलं तर त्याच दिवशी फोन करा. उलट, पिशवीत काहीच येत नाही, पोटात कळा आणि उलट्या आहेत, किंवा स्टोमा काळा-जांभळा पडलाय, तर थेट दवाखाना गाठा.

त्या वडिलांच्या घरी आता वही आहे. प्रेम तेव्हाही होतंच, फक्त माप नव्हतं.

चला, प्रश्न घेऊया.