शेफ व्हायचंय? आधी कांदा!

रथसप्तमीला मालेगाव तालुक्यातल्या डव्ह्याला एकदा जाच. नाथ नंगे महाराजांच्या यात्रेत पुरी-भाजीचा महाप्रसाद चक्क ट्रॅक्टरमधून पंगतीत फिरतो. हिशेब सगळा क्विंटलचा! ज्या वाशिम जिल्ह्यात एवढ्या भाजीला मीठ मापात पडतं, तिथल्या पोरापोरींनी मोठ्या हॉटेलच्या किचनला बिचकायचं कारणच नाही.

त्या किचनमधली पहिली पायरी म्हणजे 'कॉमी'. त्याच्यावर शेफ द पार्टी, म्हणजे एकेका विभागाचा कारभारी. मग सू शेफ आणि सगळ्यांत वर एक्झिक्युटिव्ह शेफ. ही उतरंड बसवली फ्रान्सच्या ऑग्युस्त एस्कॉफिए यांनी. 1870च्या युद्धात ते सैन्यासाठी रांधत होते. तिथली शिस्त त्यांनी हॉटेलात आणली. म्हणून आजही हुकूम सुटला की उत्तर एकच, "येस शेफ!"

कॉमीच्या वाट्याला सुरुवातीला येतात कांदे. पोत्याने! डाव्या हाताची बोटं आत मुडपायची, पातं पेराला टेकवायचं आणि खाली सरकवायचं. नजर कांद्यावर, बोटं शाबूत. मग गाजर. 'ब्रुन्वाज' कापायचं म्हटलं की तुकडा साधारण 3 मिलिमीटरचा, सहाही बाजू सारख्या. हात बसायला महिने जातात, आणि ते जाऊ द्यावेत. हात बसला की मग वेग आपोआप येतो.

शेफच्या कोटाला पुढून दोन पदर का असतात? वरच्यावर डाग पडला की पदर बदलायचा आणि कोट पुन्हा स्वच्छ! चिरायच्या पाट्याही रंगीत. भाजीला हिरवी, कच्च्या मांसाला लाल, मासळीला निळी. आणि एक आकडा पाठच करा : 5 ते 60 अंश सेल्सिअस. या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून अन्न एक तर गरम ठेवायचं, नाहीतर थंडगार.

वाट कुठून? बारावी कुठल्याही शाखेची चालते, इंग्रजी विषय मात्र हवा. मग एनसीएचएम जेईई ही हॉटेल मॅनेजमेंटच्या तीन वर्षांच्या पदवीची प्रवेशपरीक्षा. ही पदवी देणारी संस्था म्हणजे आयएचएम. मुंबईत दादरला जे आयएचएम आहे, ते 1954 साली सुरू झालं. तीन वर्षं आणि तेवढा खर्च झेपत नसेल, तर आयटीआयचा फूड प्रॉडक्शनचा एक वर्षाचा कोर्स आहे. त्याला कमी लेखू नका.

दमसास किती लागतो, ते आपल्याच विदर्भाच्या शेफ विष्णू मनोहरांनी दाखवलं. 2017 साली नागपुरात त्यांनी सलग 53 तास स्वयंपाक केला. पुढच्याच वर्षी 3000 किलो खिचडी शिजवली.

येत्या लग्नसराईत जेवण झालं की लगेच गाडीला किक मारू नका. मांडवामागे भट्टीपाशी जा आणि आचाऱ्याला विचारा, "काका, कांदा चिरू लागू का?"