घसा दुखतो आहे : 'मेडिकल'वर काय विचारावे, काय मागू नये

१ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशीम जिल्हा अस्तित्वात आला. वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा व मानोरा अशा सहा तालुक्यांच्या या जिल्ह्यात बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. डॉक्टरकडे जायचे म्हणजे एसटीचे भाडे लागते आणि दिवसाची मजुरी बुडते. म्हणून किरकोळ दुखण्यासाठी आपण प्रथम औषधाच्या दुकानात, म्हणजे आपल्या बोलीतील 'मेडिकल'वर जातो. यात गैर काही नाही. मात्र तेथे काय मिळू शकते आणि काय मागू नये, हे समाजबांधवांनी व विशेषतः विद्यार्थ्यांनी समजून घेतले पाहिजे.

औषध देणारी व्यक्ती केवळ दुकानदार नसते. १९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देण्याचे काम नोंदणीकृत फार्मासिस्टचे किंवा त्याच्या देखरेखीखालचे आहे. डी.फार्म. अथवा बी.फार्म. शिकून राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे नाव नोंदवल्यावरच त्याला हा अधिकार मिळतो. औषध कसे घ्यावे, कशासोबत घेऊ नये, हे सांगणे त्याचे कर्तव्य आहे. रोगाचे निदान करून चिठ्ठी लिहिणे मात्र त्याच्या अधिकारात नाही. इंग्लंडमध्ये ३१ जानेवारी २०२४ पासून प्रशिक्षित फार्मासिस्टला ठराविक नियमांनुसार घसादुखीवर उपचार करण्याची मुभा मिळाली आहे. आपल्याकडे तशी तरतूद नाही.

घसा दुखण्याची बहुतेक कारणे साधी असतात. सर्दीचे विषाणू हे त्यातले मुख्य कारण. सोयाबीनच्या मळणीची धूळ, चुलीचा धूर, तंबाखू व बिडी यांनीही घसा खवखवतो. विषाणूने आलेले दुखणे सुमारे आठवड्याभरात आपोआप बरे होते. तोवर कोमट पाण्याच्या पेल्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात, पाणी भरपूर प्यावे, आवाजाला विश्रांती द्यावी. ताप किंवा ठणका असल्यास फार्मासिस्टला विचारून पॅरासिटामॉल घ्यावे. मोठ्या माणसाने ५०० मिलिग्रॅमच्या गोळीच्या दोन मात्रांत चार ते सहा तासांचे अंतर ठेवावे आणि २४ तासांत ८ गोळ्यांची मर्यादा ओलांडू नये. यकृताचा विकार असणाऱ्याने किंवा नित्य दारू पिणाऱ्याने आधी डॉक्टरांना विचारावे. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते. दोन्ही एकत्र घेतल्यास मात्रा दुप्पट होते. मुलांची मात्रा वजनावरून ठरते, म्हणून मोठ्यांची गोळी मोडून मुलांना देऊ नये. ॲस्पिरिन तर मुलांना देऊच नये. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात दूषित खोकल्याच्या औषधाने बालकांचे बळी घेतले. त्या वेळी केंद्र सरकारने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, असे बजावले.

आता 'पावरवाली गोळी द्या' या मागणीविषयी. ॲमॉक्सिसिलिन, ॲझिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके 'शेड्यूल एच' मधील आहेत. ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. सेफिक्झाइमसारखी काही औषधे १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या 'शेड्यूल एच-१' मध्ये येतात. त्यांची विक्री करताना डॉक्टर व रुग्ण यांची नावे वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपावी लागते. विषाणूवर या औषधांचा काहीच परिणाम होत नाही. उलट दोन-तीन गोळ्या घेऊन सोडून दिल्यास शरीरातील जंतू औषधाला सरावतात आणि पुढे खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरते. म्हणून 'चिठ्ठी आणा' असे म्हणणारा फार्मासिस्ट अडवणूक करत नसून आपले हितच पाहत असतो.

पण प्रत्येक घसादुखी साधी नसते. मुलांमध्ये दहापैकी सुमारे दोन-तीन वेळा कारण स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू असतो. जोराचा ताप, खोकला नसणे, मानेच्या दुखऱ्या गाठी, टॉन्सिलवर पांढरे ठिपके ही त्याची लक्षणे होत. उपचार न झाल्यास दोन-तीन आठवड्यांनी संधिवाताचा ताप येऊ शकतो. तो प्रामुख्याने ५ ते १५ वयाच्या मुलांना गाठतो आणि हृदयाच्या झडपा कायमच्या खराब करू शकतो. वेळेवर डॉक्टरांनी दिलेले पेनिसिलिन पूर्ण घेतल्यास हे टळते. घशात करडा-पांढरा पापुद्रा आणि सुजलेली मान दिसल्यास तो घटसर्प असू शकतो. श्वासाला त्रास, लाळही गिळता न येणे, तोंड न उघडणे ही तर तातडीची लक्षणे. अशा वेळी १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. दुखणे आठवड्यापेक्षा जास्त टिकले, तरी डॉक्टरांकडे जावेच. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. खर्चाच्या भीतीने थांबू नये.

मेडिकलवर गेल्यावर रुग्णाचे वय, किती दिवसांचा त्रास, गरोदरपण, चालू असलेली औषधे आणि पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर आलेली पुरळ, हे न विसरता सांगावे. नाव नसलेल्या सुट्या गोळ्यांची पुडी घेऊ नये. तिच्यात स्टेरॉइड आहे की आणखी काही, हे कळायला मार्ग नसतो. पाकिटावरील मुदत वाचावी, बिल मागून घ्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, घरातील वडीलधाऱ्यांना पाकिटावरचे अक्षर वाचता येत नसेल, तर ते वाचून दाखवण्याचे काम तुमचे आहे. शिक्षणाचा उपयोग परीक्षेपुरता न राहता तो आपल्या घराच्या आरोग्यासाठीही झाला पाहिजे.