अ‍ॅडॅप्टरचें फर्मवेअर अडलें तर

कामठीच्या ड्रॅगन पॅलेस मंदिराचें छायाचित्र जुन्या कॅनन भिंगानें, पण नव्या सोनी कॅमेऱ्यावर घ्यावयाचें, तर मध्यें अ‍ॅडॅप्टर नांवाची कडी लागते. कॅननच्या ईएफ माउंटापासून संवेदकापर्यंत अंतर ४४ मिलिमीटर, सोनीच्या ई-माउंटापासून १८. उरलेले २६ मिलिमीटर ही कडी भरून काढते. परंतु तिचें खरें काम दुभाष्याचें. भिंग व कॅमेरा यांच्या भाषा भिन्न. एकाची आज्ञा दुसऱ्यास कळविण्याची जी विद्या कडीच्या चिपेंत साठविलेली असते, तेंच फर्मवेअर होय. नवा कॅमेरा आला कीं ही विद्या कधीं कधीं अपुरी पडते, आणि भिंग फोकससाठीं चांचपडूं लागतें.

सिग्माच्या २०१६ सालच्या एमसी-११ कडीचें फर्मवेअर यूएसबी तारेनें संगणकावरून बदलतां येतें. संगणक कडीस ओळखीत नसेल, तर प्रथम तारेवर संशय घ्यावा. मोबाइल चार्ज करण्याच्या कित्येक तारांतून वीज जाते, माहिती जात नाहीं! मधला हबही काढावा, आणि कडी कॅमेऱ्यापासून सोडवून ठेवावी. निकॉनच्या २०१८ सालच्या एफटीझेड कडीस असें यूएसबीचें द्वारच नाहीं. तेथें फाइल मेमरी कार्डावर, कोणत्याही फोल्डरांत न घालतां, मूळ नांवानेंच ठेवावी, व कडी कॅमेऱ्यास लावून काम करावें.

सर्वांत घातक म्हणजे मध्येंच वीज खंडित होणें. अर्धवट लिहिलेलें फर्मवेअर कडीस निर्जीव करूं शकतें. म्हणून बॅटरी पूर्ण भरल्यावांचून आरंभच करूं नये. सर्व यथास्थित होऊनही भिंग मुकेंच राहिलें, तर कडीचे सोनेरी संपर्कबिंदू मऊ कोरड्या कापडानें पुसून पाहावे.